दारापुढचा फुटपाथ: मालकाचं देणं किती, महापालिकेचं किती?

जुलै 2021 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 56 फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्याआधी दोनच वर्षं, ऑगस्ट 2019 मध्ये, पाणी 55 फुटांपलीकडे गेलं होतं. दोन्ही वेळा शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, सुतारवाडा, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, नागाळा पार्क आणि आजूबाजूची वस्ती पाण्यात गेली. पाणी चढत असतं तोवर पुराच्या बातम्या तासातासाला येतात. पाणी उतरल्यावर गल्लोगल्ली जो वाद पेटतो त्याची बातमी होत नाही. दारापुढे साचलेला गाळ कोणी काढायचा?

पुरातून बाहेर आलेल्या गल्लीत काम कसं चालतं ते जवळून पाहावं. जाणती माणसं पाणी पूर्ण ओसरायची वाट बघत नाहीत. घोटाभर पाणी असतानाच खराट्याने गाळ ढवळायचा आणि उतरत्या पाण्याबरोबर बाहेर लोटायचा, हे पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्या पिढ्यांचं शहाणपण आहे. एकदा ऊन लागलं की तोच गाळ फरशीला असा धरतो की फावड्याच्या टोकाने खरवडून काढावा लागतो. मग घमेली भरून राडा बाहेर येतो. त्यामागून भिजलेल्या गाद्या येतात, फुगलेली प्लायवूडची कपाटं येतात, कुजायला लागलेलं धान्य येतं. सगळं दारापुढे. घर स्वच्छ होतं ते रस्त्याच्या जिवावर, आणि त्या दिवशी याला दुसरा इलाजही नसतो.

मग जेसीबी येतो, मागून डंपर येतात, आणि रस्त्याचा मधला पट्टा मोकळा होतो. वाहनं सुरू होतात. शहर पूर्वपदावर आल्याचं जाहीर होतं. कडेला मात्र, गटार आणि घराचं जोतं यांच्या मधल्या तीन-चार हातांत, रेंदा तसाच पडून राहतो. जेसीबीचं बकेट तिथवर पोचत नाही. झाडू कामगाराच्या वाट्याला सबंध गल्ली असते, त्याचा खराटा इतक्या गाळाला पुरत नाही. आणि घरवाल्याला वाटतं की हा भाग आपला नव्हे, म्युनिसिपालटीचा. “घरफाळा भरतोय न्हवं आम्ही?” हा सवाल कोल्हापुरात कोणालाही विचारता येतो आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. पण पायी चालणाऱ्याचा पट्टा नेमका हाच असतो.

बर्फ पडणाऱ्या देशांत याच तीन-चार हातांवर शंभर वर्षांहून अधिक काळ कायदे होत आले आहेत. रात्री बर्फ पडला, पहाटेपर्यंत त्याचा कडक, निसरडा थर झाला आणि सकाळी दूध आणायला निघालेली एखादी आजी घसरून मांडीचं हाड मोडून बसली, तर जाब कोणाला विचारायचा? अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरांना हा प्रश्न पहिल्याच हिवाळ्यात भेटतो. घर घेताना कर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, विमा यांची माहिती आधीच काढलेली असते. दारापुढच्या सार्वजनिक फुटपाथवरचा बर्फ स्वतः फावडं घेऊन काढायचा, आणि तोही ठरल्या वेळेत, हे बहुधा शेजारी सांगतो तेव्हा कळतं.

तिथले नियम किती बारकाव्याचे आहेत ते पाहण्यासारखं आहे. शिकागोत सकाळी 7 ते संध्याकाळी 7 या वेळेत पडलेला बर्फ त्याच रात्री 10 पर्यंत काढावा लागतो, त्यानंतर पडलेला दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत. वाट किमान 5 फूट रुंद हवी. बॉस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून 3 तासांत, रात्री पडला असेल तर सूर्योदयापासून 3 तासांत, किमान 42 इंच रुंदीची वाट मोकळी करायची असते. 42 इंच अशासाठी, की व्हीलचेअर आणि बाबागाडी जायला हवी. न्यूयॉर्कमध्ये दिवसा बर्फ थांबला तर मुदत 4 तासांची, रात्री थांबला तर सकाळी 11 पर्यंतची. ‘स्वच्छ ठेवा’ असा मोघम उपदेश यात कुठेच नाही. वेळ, रुंदी आणि जबाबदार माणूस, तिन्ही ठरलेले.

ऑस्ट्रियाने तर हे देशाच्या वाहतूक कायद्यातच घातलं आहे. तिथल्या कलम 93 प्रमाणे वस्तीतल्या मालमत्तेच्या मालकाने आपल्या हद्दीलगतचा, 3 मीटरच्या आत येणारा फुटपाथ सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत मोकळा ठेवायचा. फुटपाथच नसेल तर रस्त्याच्या कडेची 1 मीटरची पट्टी त्याच्याकडे. यात बर्फाबरोबर घाणही धरलेली आहे, आणि छपराच्या कडेला लोंबणारा बर्फ खाली कोणाच्या डोक्यात पडू नये हे पाहणंही. आपल्याकडे या कलमाचा विचार करताना मला ही घाण आणि छपराची बाब फार महत्त्वाची वाटते. ती पुढे येईल.

जर्मनीत गावं आणि शहरं आपल्या उपविधीने हे काम मालकाकडे देतात आणि मालक भाडेकरारात लिहून ते भाडेकरूकडे सोपवतो. स्वाबिया भागात एका इमारतीतल्या कुटुंबांनी पाळीपाळीने जिना आणि दारापुढची जागा झाडायची जुनी रीत आहे. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे घरमालकावर बर्फ काढण्याचं कायदेशीर बंधन नाही, पण लोक हात लावायला घाबरत. आपण साफ केलं आणि तरीही कोणी पडलं तर दावा आपल्यावर लागेल, ही ती भीती. म्हणून सरकारने सूचनापत्रकच काढलं: काळजीपूर्वक साफ केलंत तर तुमच्यावर दावा होण्याची शक्यता फार कमी, आणि गरम पाणी ओतू नका, कारण ते गोठून आणखी निसरडं होतं.

हे सगळं वाचून मालकावर टाकलं की प्रश्न सुटतो, असं वाटू शकतं. तसं होत नाही. टोरांटोचा अनुभव उलटा आहे. तिथे शहराच्या काही भागांत घरमालकाने आणि काही भागांत महापालिकेने बर्फ काढायचा अशी विभागणी वर्षानुवर्षं होती. 2021-22 च्या हिवाळ्यापासून जिथे यंत्र जाऊ शकतं त्या सगळ्या फुटपाथांचं काम शहराने स्वतःकडे घेतलं. मालकावर सोपवलेल्या फुटपाथचं दुखणं असं असतं, की दहा घरांनी वाट मोकळी केली आणि अकराव्याने केली नाही तर व्हीलचेअरवरच्या माणसाला सबंध रस्ताच बंद होतो. चालणाऱ्याची वाट सर्वांत हलगर्जी मालकाइतकीच चांगली असते. घरमालक म्हातारा असेल, आजारी असेल, परगावी असेल, तर काय करायचं याचं उत्तरही नुसत्या दंडात नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट आणखी सावध करणारी आहे. 2003 पर्यंत तिथे नादुरुस्त फुटपाथवर कोणी पडलं तर दावा प्रामुख्याने शहरावर येई. दाव्यांचा बोजा वाढला तेव्हा शहराने कायदा बदलून ती देणेदारी लगतच्या मालकावर टाकली. मालक स्वतः राहत असलेली एक ते तीन कुटुंबांची घरं त्यातून वगळली, हे त्यातल्या त्यात बरं. पण साफ ठेवायला सांगणं आणि अपघाताची भरपाई अंगावर टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाजवी असू शकते. दुसरीत शासन स्वतःचं देणं नागरिकाच्या खात्यावर लिहितं.

स्वीडनमध्ये वाद आणखी एका बाजूने उघडला. कार्ल्सकोगा नावाच्या गावात बर्फ काढण्याचा क्रम तपासला गेला तेव्हा लक्षात आलं की आधी मोठे रस्ते साफ होतात, म्हणजे गाडीने कामावर जाणारे, ज्यांत पुरुष जास्त, ते आधी निघतात. मुलाला पाळणाघरात सोडून बस पकडणारी बाई फुटपाथवरच्या बर्फात अडकते. बर्फावरून घसरून दवाखान्यात येणाऱ्यांत गाडीवाल्यांपेक्षा पायी चालणारे जास्त असतात. म्हणून क्रम उलटा केला: आधी फुटपाथ, सायकलवाटा आणि शाळांच्या आसपासचा भाग. पुढे 2015 च्या सुमारास स्टॉकहोमनेही हे धोरण घेतलं. आपल्या जेसीबीने आधी मधला पट्टा मोकळा करायचा आणि कडेचा रेंदा तसाच ठेवायचा, यातही तोच क्रम आहे. फरक इतकाच की आपण तो कधी तपासलेला नाही.

आता आपला कायदा. कोल्हापूर नगरपालिका 1854 ची, महापालिका 1972 ची. शहर 66.82 चौरस किलोमीटरचं, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात. लागू असलेला कायदा 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्याप्रमाणे सार्वजनिक रस्ता महापालिकेचा आणि फुटपाथ हा त्या रस्त्याचाच भाग. कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत. रस्ते झाडणं, कचरा उचलणं, रस्ते बांधणं आणि दुरुस्त ठेवणं, रस्त्यावरचे अडथळे काढणं, हे सगळं त्यात आहे. ‘पैसे उरले तर करू’ अशा यादीतलं हे काम नाही. कलम 231 प्रमाणे रस्त्यावर बेकायदा उभं केलेलं किंवा टाकलेलं काहीही आयुक्त नोटिशीविना हटवू शकतात.

मालकावर जे येतं ते बहुतेक ‘करू नका’ या स्वरूपाचं आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे कचरा रस्त्यावर, गटारात किंवा नदीनाल्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. बांधकाम कचऱ्याच्या नियमांप्रमाणे विटा-मातीचा राडारोडा रस्त्यात ढीग करून ठेवायचा नाही. दारापुढचा फुटपाथ अमुक वेळेत मोकळा करा, असं ऑस्ट्रियासारखं सरळ बंधन आपल्या मालकावर नाही.

तरी एक जुनी तरतूद अशी आहे की जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. 1860 च्या दंड संहितेतलं कलम 283 सार्वजनिक वाटेवर धोका किंवा अडथळा निर्माण करण्याबद्दल होतं. त्यात नुसती कृती नव्हे, तर आपल्या ताब्यातल्या मालमत्तेची व्यवस्था ठेवायचं सोडून दिलं आणि त्यामुळे धोका झाला, तोही गुन्हा धरला होता. दंडाची कमाल मर्यादा 200 रुपये. ही रक्कम दीडशेहून अधिक वर्षं जागची हलली नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम 285 म्हणून आली आणि मर्यादा 5,000 रुपये झाली. म्हणजे मालमत्ता ताब्यात असण्याबरोबर शेजारच्या वाटेबद्दल काही देणं लागतं, हा विचार आपल्या कायद्याला परका नाही.

मग तो आपल्या अंगवळणी का पडला नाही? याचं उत्तर खराटा कोणाच्या हातात होता यात आहे. जुन्या व्यवस्थेत दारापुढचं अंगण झाडणं, सडा घालणं, रांगोळी काढणं घरच्या बाईकडे होतं. अंगणापलीकडे गावाची जागा सुरू झाली की ती झाडण्याचं, मेलेलं जनावर ओढण्याचं काम महार वतनात येई आणि ते नाकारण्याची सोय नव्हती. ज्याच्या नावावर घर, त्या पुरुषाच्या हाती खराटा कधी आलाच नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये संस्थानात महार वतन रद्द केलं तेव्हा या वेठीचा कायदेशीर आधार इथे संपला. पण दारापुढची घाण काढणारा ‘दुसरा कोणीतरी’ असतो ही समजूत संपली नाही. ती वतनातून नगरपालिकेच्या झाडू खात्यात आली आणि तिथून आजच्या कंत्राटी कामगारापर्यंत. त्या कामात आजही कोणत्या समाजांतली माणसं जास्त आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘ते त्यांचं काम’ असं दारात उभं राहून म्हणताना आपण कोणती जुनी गोष्ट पुढे चालवतो याचा विचार व्हायला हवा.

ही समजूत मोडायचा प्रयत्न महाराष्ट्रात मोठ्या माणसांनी केला. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. सेनापती बापट पारनेरला पहाटे रस्ते झाडायचे. आपण या दोघांना वंदनीय मानलं, त्यांच्या नावाने अभियानं काढली आणि त्यांचं काम मात्र महापुरुषांचं काम म्हणून बाजूला ठेवलं. त्यांना ते साध्या घरमालकाचं, साध्या दुकानदाराचं रोजचं काम व्हायला हवं होतं.

कोल्हापुराला श्रमाचं वावडं नाही, हेही तितकंच खरं. पुरात तालमींची पोरं होड्या घेऊन उतरतात, पूर ओसरला की पेठापेठांतून माणसं फावडी घेऊन जातात, आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर येतात. डॉ. मल्लिनाथ कलशेट्टी आयुक्त असताना दर रविवारी महास्वच्छता अभियान चालायचं, शेकडो माणसं नाल्याकाठी, स्मशानात, रस्त्यावर उतरायची. मला या अभियानांबद्दल आदर आहे. पण रविवारी रंकाळा तलावाचा काठ झाडून आलेला माणूस सोमवारी स्वतःच्या दुकानापुढच्या फुटपाथवर पिंप आणि पाट्या मांडतो तेव्हा सेवा आणि जबाबदारी या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते दिसतं. सेवा मनात आलं की करता येते. जबाबदारीला मनात येण्याची सवलत नसते.

शहराच्या फुटपाथांवरून पायी फिरून पाहिलं की मालकाचा हक्क किती लांब पोचला आहे ते कळतं. शाहूपुरी आणि पुढे राजारामपुरी या आखून वसवलेल्या पेठा. राजारामपुरीच्या गल्ल्यांना क्रमांकच आहेत. पण तिथे किंवा लक्ष्मीपुरीत, महाद्वार रोडला, स्टेशन रोडला सलग शंभर पावलं फुटपाथवरून चालणं अवघड. दुकानाची पायरी फुटपाथवर आलेली, दुचाकी चढवायचा सिमेंटचा उतार त्याही पुढे, त्यावर जाहिरातीचा फलक, आणि मग गिऱ्हाइकांच्या गाड्या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. इतकी मोकळी रुंदी सलग मिळत नाही. कारवाई झाली की सर्वांत आधी गाडी उचलली जाते ती फेरीवाल्याची. 2014 च्या कायद्याने फेरीवाल्याला सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि जागा यांचा हक्क दिला आहे, त्याचा प्रश्न त्या चौकटीत सुटायला हवा. सिमेंटचा पक्का उतार बांधणाऱ्या मालकाला असा कोणताही हक्क कोणी दिलेला नाही, तरी तो वर्षानुवर्षं तिथेच असतो.

आणि पावसाळ्यात शेवाळ. इथे आपला फुटपाथ बर्फाच्या फुटपाथला सर्वांत जवळचा होतो. इमारतीच्या गच्चीचं पाणी आणणारा पाइप खाली गटारात न सोडता फुटपाथच्या वर हातभर उंचीवर तोडलेला असतो. जूनपासून त्यातून धार पडत राहते. जुलैच्या मध्यावर पाइपाच्या तोंडापासून रस्त्यापर्यंत पेव्हिंग ब्लॉकवर हिरवट-काळा पट्टा तयार होतो. पाऊस थांबला, बाकी फुटपाथ वाळला, तरी तो ओलाच राहतो, कारण वर कुठेतरी टाकी भरून वाहते किंवा एसीचं पाणी त्याच पाइपात सोडलेलं असतं. ज्यांना माहीत आहे ते त्या जागी रस्त्यावर उतरून पुढे पुन्हा चढतात. ज्यांना माहीत नाही, किंवा ज्यांना दिसत नाही, त्यांचा पाय तिथेच जातो. खाणावळीपुढे हाच पट्टा तेलकट धुण्याच्या पाण्याचा असतो. ब्लीचिंग पावडर टाकून कडक खराट्याने घासलं तर तो दहा मिनिटांत निघतो, आणि पाइपाला एक कोपरा बसवून तोंड गटारात सोडलं तर पुन्हा होतच नाही. ऑस्ट्रियाच्या कायद्याने छपरावरच्या बर्फाची काळजी मालकावर टाकली आहे ती याच तर्काने: धोका ज्याच्या इमारतीतून उतरतो, तो त्याने थांबवावा. आपल्या कलम 285 मधली ‘व्यवस्था न ठेवल्यामुळे’ ही तरतूद या पाइपाला लावता येईल असं माझं मत आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

घरमालकाच्या बाजूनेही ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि कोल्हापुराइतकं ते कोणत्याच शहराने ठासून सांगितलेलं नाही. शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांचा 220 कोटींचा प्रकल्प खासगी कंपनीने बांधला आणि शहराच्या नाक्यांवर टोल बसवला, तेव्हा लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर लढले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं त्या लढ्याच्या पुढे होती. गटारी आणि फुटपाथ यांची कामं अपुरी असल्याची तक्रारही त्यात होती. डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. त्या आंदोलनाने एक तत्त्व ठरवून दिलं: शहरातला रस्ता ही शासनाची जबाबदारी, त्याचा खर्च दारातून पुन्हा वसूल करायचा नाही. पुढे नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. ज्या काळात गल्लीतल्या माणसाने जाब विचारायला नगरसेवकही नव्हता, त्याच काळात 2021 चा पूर आला. अशा शहरात ‘आता फुटपाथही तुम्हीच सांभाळा’ असं कोणी म्हटलं तर लोक खवळतील आणि ते बरोबरच असेल.

न्यायालयांचा कलही याच बाजूला आहे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितलं की योग्य फुटपाथवरून चालण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्कात येतो, आणि अपंगांना वापरता येतील असे, अतिक्रमणमुक्त फुटपाथ देण्यासाठी राज्यांनी धोरण आखावं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले. भरपाई द्यायची ती रस्त्याला जबाबदार असलेल्या संस्थांनी आणि कंत्राटदारांनी. उद्या हा बोजा वाढला की एखाद्या महापालिकेला न्यूयॉर्कची वाट सुचेल. तेव्हा ती अडवायला हवी.

म्हणून विभागणी स्पष्ट करावी लागेल, आणि माझ्या मते ती अशी असावी. फुटपाथ बांधणं, सलग आणि सपाट ठेवणं, गटारावरच्या फुटक्या फरश्या बदलणं, रोज झाडणं आणि अपघाताची भरपाई देणं हे महापालिकेचं. यातलं काहीही मालकाकडे सरकवायचं नाही. मालकाचं देणं त्याहून लहान पण टाळता न येणारं: आपल्या इमारतीतून किंवा व्यवसायातून जे फुटपाथवर येतं, पाणी, तेल, राडारोडा, पायरी, उतार, सामान, ते त्याने आवरायचं. पावसाळ्याचे चार महिने दारापुढची चालायची वाट निसरडी राहू द्यायची नाही. दुकान भाड्याने असेल तर हे काम कोणाकडे ते करारनाम्यात लिहायचं, आणि लिहिलं नसेल तर मालकच जबाबदार. वाट किती रुंद आणि काम किती तासांत हे शिकागो-बॉस्टनसारखं आकड्यात सांगायचं, नाहीतर दंडाची पावती निरीक्षकाच्या मर्जीवर जाईल. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या, आजाऱ्याच्या घरापुढचं काम महापालिकेने विनामूल्य करायचं. मोठ्या व्यापारी इमारतीने ते केलं नाही तर महापालिकेने करून घ्यावं आणि खर्च घरफाळ्याच्या बिलात लावावा. कामगाराला पैसे देऊन काम करून घेणं यात गैर काही नाही, फक्त हातमोजे, गमबूट आणि वाजवी मजुरी द्यायला हवी. गाळात काच असते, मैला असतो, आणि तो उपसणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

पुरानंतरच्या गाळाला मात्र हे रोजचे नियम लावता येणार नाहीत. ज्याचं घरच वाहून जायच्या बेताला आलं त्याच्यावर दारापुढचा रेंदा काढण्याची मुदत घालणं हा अन्याय होईल. तिथे गल्लीचं वेळापत्रक हवं, आणि ते पूर येण्याआधी ठरलेलं हवं. घरातला गाळ आणि सामान रस्त्याच्या कोणत्या बाजूला टाकायचं, चालायची कोणती बाजू मोकळी ठेवायची, टिपर कोणत्या वेळी येणार, बंद घरांपुढचं काम कोणत्या तालमीकडे किंवा मंडळाकडे, आणि कडेचा पट्टा साफ झाला हे पाहून सही कोणी करायची. आधी फुटपाथ आणि मग मधला रस्ता, हा स्वीडनचा क्रम निदान दवाखाने, शाळा आणि औषधांच्या दुकानांच्या आसपास पाळता येईल. पूररेषेतल्या घरांना आणि धोकादायक इमारतींना महापालिका पावसाळ्याआधी नोटिसा देतेच. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला हे सगळं छापून येत्या जूनमध्ये घरोघरी देता येईल.